आधी फोटो, मग मॉडेल: नोज आर्टवाली डायकास्ट लढाऊ विमानं जमवायला लागताना

माझ्या कपाटातलं सगळ्यात जुनं डायकास्ट, म्हणजे ओतीव धातूचं, मॉडेल कॉर्सेअर या लढाऊ विमानाचं आहे. गडद निळा रंग, समुद्रपक्ष्यासारखे मधेच वाकलेले पंख, बाजूला पांढरा ८६ आकडा, कॉकपिटखाली 'लूसीबेल' हे नाव आणि जपानी झेंड्यांची रांग. अमेरिकन मरीन दलाच्या २१४ क्रमांकाच्या 'ब्लॅक शीप' स्क्वाड्रनचे प्रमुख ग्रेगरी बॉइंग्टन यांचं विमान म्हणून मी ते हौसेने घेतलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तसंच सांगत राहिलो. पुढे वाचनात आलं की त्या स्क्वाड्रनमध्ये वैमानिकाला स्वतःचं असं विमान नसायचंच. उडण्याजोगं जे उभं असेल ते घ्यायचं आणि निघायचं. ८६ वर नाव आणि झेंडे चढले ते वार्ताहरांच्या फोटोसाठी.

मॉडेल मी काढून टाकलं नाही. फोटोपुरतं नटवलेलं विमान हीसुद्धा युद्धातलीच गोष्ट आहे. पण तेव्हापासून एक सवय लागली, ती नव्याने या छंदात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो: आधी फोटो शोधा, मग मॉडेल घ्या. साधं मस्टँग, म्हणजे त्या नावाचं अमेरिकन लढाऊ विमान, घेतलं तर ते मस्टँग जातीचं मॉडेल असतं. नाकावर चित्र असलेलं मस्टँग घेतलं की ते एका माणसाच्या एका विमानाचं आणि तेही बहुधा काही आठवड्यांपुरतं मॉडेल असतं. हे 'काही आठवडे' कोणते, ते ओळखता आलं की निम्मं काम झालं.

पहिली पायरी: कशावर जमवायचं ते ठरवा

नवशिक्या माणूस बहुतेक वेळा दिसेल ते चमकदार घेत सुटतो. वर्षभरात कपाट भरतं, पण एका विमानाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. तेव्हा आधी एखादा धागा पकडा.

नोज आर्टचं, म्हणजे विमानाच्या नाकावर रंगवलेल्या चित्रांचं, खरं पीक आलं ते दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकन लष्कराच्या हवाई दलात. वरिष्ठ बहुधा काणाडोळा करत, आणि तळावर चित्रकलेचा हात असलेला एखादा मेकॅनिक हमखास सापडे. इंग्लंडमधल्या डेब्डेन तळावर चौथ्या फायटर ग्रुपची कितीतरी विमानं डॉन ॲलन या क्रू चीफने, म्हणजे विमानाची देखभाल करणाऱ्या मुख्य मेकॅनिकने, रंगवली. अमेरिकन नौदलात मात्र शिस्त कडक, त्यामुळे तिथली उदाहरणं थोडी आणि म्हणूनच मजेदार. व्हीएफ-१७ स्क्वाड्रनच्या कॉर्सेअरवरची कवटी आणि हाडं हे एक. दुसरं व्हीएफ-२७ च्या हेलकॅट विमानांचं. 'प्रिन्स्टन' या जहाजावरच्या या विमानांना वैमानिकांनी मांजराचं दात विचकलेलं तोंड काढलं होतं. २४ ऑक्टोबर १९४४ रोजी प्रिन्स्टन बुडालं. त्या वेळी हवेत असलेली विमानं दुसऱ्या जहाजांवर उतरली आणि तिथे ती तोंडं रंगाखाली गेली.

ब्रिटिशांकडे विंग कमांडर आपल्या नावाची आद्याक्षरं विमानावर घालत. जर्मनांकडे वैयक्तिक चित्रापेक्षा तुकडीचं चिन्ह मोठं, उदाहरणार्थ जेजी ५४ चं हिरवं हृदय. पण तिथेही अपवाद आहेत. ॲडॉल्फ गॅलंड यांच्या मेसरश्मिटवर चक्क मिकी माउस होता, तोंडात सिगार आणि हातात कुऱ्हाड घेतलेला. पुढे अमेरिकेशी लढणाऱ्या देशाच्या वैमानिकाने अमेरिकन कार्टून मिरवावं, ही गंमत मला कधी जुनी वाटली नाही.

नवीन माणसाला मी सुचवतो तो धागा शार्कच्या तोंडाचा. तीन विमानांत पूर्ण गोष्ट होते. जर्मनांच्या झेडजी ७६ तुकडीने आपल्या दोन इंजिनी मेसरश्मिट ११० विमानांवर शार्कचे दात काढले. ते पाहून ब्रिटिशांच्या ११२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात आपल्या टॉमाहॉकना (पी-४० विमानाचं हे ब्रिटिश नाव) तेच तोंड दिलं. टॉमाहॉकचं नाक खालून फुगलेलं, हवा आत घेणारं, त्यामुळे ते तोंड तिथे जन्मापासून असल्यासारखं बसलं. त्या विमानांचा फोटो मासिकात छापून आला, तो ब्रह्मदेशात सराव करणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या हाती पडला आणि क्लेअर शेनॉल्ट यांच्या 'फ्लाइंग टायगर्स'च्या पी-४० विमानांना दात फुटले. ही तुकडी लढली किती दिवस? पहिली लढाई २० डिसेंबर १९४१, तुकडी बरखास्त ४ जुलै १९४२. जेमतेम साडेसहा महिने. आज जगभर 'शार्कचं विमान' म्हटलं की नाव निघतं ते यांचंच. मूळ जर्मन ११० बिचारं कोपऱ्यात.

दुसरी पायरी: स्केल

मोजपट्टी घेऊन बसा. खऱ्या विमानाच्या पंखांची रुंदी सेंटीमीटरमध्ये घ्या आणि स्केलच्या आकड्याने, म्हणजे १:७२ असेल तर ७२ ने, भागा. पी-५१डी मस्टँगचे पंख ११.२८ मीटर. १:७२ मध्ये ते साधारण १५.७ सेंटीमीटर होतात, १:४८ मध्ये २३.५. पी-३८ लाइटनिंगचे पंख १५.८५ मीटर, म्हणजे १:७२ मध्ये २२ आणि १:४८ मध्ये तब्बल ३३ सेंटीमीटर. अशी चार विमानं घेतलीत की कपाट संपलं.

१:७२ मध्ये सगळ्यात जास्त विषय मिळतात. १:४८ मध्ये विषय कमी, पण चित्र दिसतं. समजा मूळ चित्र दोन फूट उंच आहे. १:७२ मध्ये ते साडेआठ मिलिमीटरचं होईल, १:४८ मध्ये पावणेतेरा मिलिमीटरचं. फरक कागदावर किरकोळ वाटतो. साडेआठ मिलिमीटरमध्ये बाईचा चेहरा छापून पाहा, मग कळतं. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके येतात आणि ओठ गालावर सरकतात. म्हणून माझा ठोकताळा असा: दात, चौकडी, अक्षरं, तुकडीची चिन्हं असतील तर १:७२ पुरतं, माणसाचा चेहरा असेल तर १:४८ पाहावं. १:३२ किंवा १:१८ चं एखादं विमान हॉलमध्ये झोकात दिसतं, पण त्याचा संग्रह होत नाही, फर्निचर होतं.

एकाच फळीवर दोन स्केल मिसळू नका. १:४८ चं मेसरश्मिट १०९ जवळजवळ २१ सेंटीमीटर रुंद असतं. ते १:७२ च्या लाइटनिंगशेजारी ठेवलंत की एका इंजिनाचं चिमुकलं विमान दोन इंजिनांच्या धुडाएवढं दिसायला लागतं आणि पाहणाऱ्याचा अंदाजच चुकतो.

तिसरी पायरी: धातू किती, प्लास्टिक किती

डायकास्ट म्हणजे जस्ताचा मिश्रधातू वितळवून साच्यात दाबून ओतलेला. पण अख्खं विमान धातूचं कधीच नसतं. धड आणि पंख धातूचे, बाकी पंखा, चाकं, कॅनपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण), अँटेना, बंदुकीच्या नळ्या प्लास्टिकच्या. यात फसवणूक काही नाही. तेवढे बारीक भाग धातूत नीट येत नाहीत. मात्र पूर्ण प्लास्टिकची तयार रंगवलेली मॉडेलंही याच रांगेत विकायला असतात. ती वाईट नसतात, काही तर जास्त नाजूक आणि सुबक असतात, पण हातात वजन हवं असेल तर वर्णनात 'डायकास्ट' शब्द आहे का ते पाहा.

कॉर्गीच्या एव्हिएशन आर्काइव्ह मालिकेत १:७२ ची विमानं भरपूर आणि ब्रिटिश विषय खास. हॉबी मास्टरची १:४८ ची मस्टँग आणि थंडरबोल्ट अमेरिकन नोज आर्टसाठी आधी पाहावीत अशी. फ्रँकलिन मिंटची आर्मर मालिका १:४८ मधली, आता जुन्या बाजारातच शोधायची. ऑक्सफर्डची १:७२ विमानं साधी असतात, पण सुरुवातीला हात बसवायला चांगली. प्रत्येक खोक्यावर उत्पादनाचा क्रमांक असतो. कॉर्गीचा 'एए'ने सुरू होतो, हॉबी मास्टरचा 'एचए'ने. पहिल्या दिवसापासून हा क्रमांक लिहून ठेवा. विमानाच्या नावाने शोधलंत तर शंभर निकाल येतील. क्रमांकाने शोधलंत तर तेच एक मॉडेल येतं.

चौथी पायरी: मॉडेल वाचायला शिका

इथे घाई करू नका. संग्राहक आणि नुसता खरेदीदार यांच्यातला फरक इथेच पडतो.

मूळ विमानाचा फोटो समोर ठेवा आणि मॉडेलची छायाचित्रं शेजारी. पहिलं पाहायचं ते बाजू. लढाऊ विमानात वैमानिक बहुधा डावीकडून चढायचा, त्याचं नाव आणि चित्रही बरेचदा डाव्या बाजूलाच असायचं. उजवी बाजू कधी कोरी, कधी त्यावर क्रू चीफच्या बायकोचं किंवा मैत्रिणीचं नाव. विमान वैमानिकाचं की मेकॅनिकचं, हा वाद असा दोन बाजू वाटून मिटवलेला. काही मॉडेलांत मात्र डावं चित्र जसंच्या तसं उजवीकडेही छापलेलं दिसतं. फोटोत उजवी बाजू दिसत नसेल तर उत्पादकाने अंदाज मारला असं समजायला हरकत नाही.

मग अमेरिकन विमानावरचा तारा पाहा. तो कॅलेंडरचं काम करतो. मे १९४२ पर्यंत पांढऱ्या ताऱ्याच्या मधोमध लाल ठिपका होता. जपानी लाल गोळ्याशी गल्लत होते म्हणून तो काढला. १९४३ च्या मध्यावर ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आल्या आणि भोवती लाल किनार. दोनेक महिन्यांतच ती किनार निळी करायचा हुकूम निघाला. सगळ्या विमानांवर हुकूम एका दिवसात पोचत नसे, त्यामुळे उशिरापर्यंत लाल किनार टिकलेली विमानं सापडतात. पण १९४४ च्या मस्टँगवर लाल किनार दिसली तर फोटो मागा. फ्लाइंग टायगर्सच्या विमानांवर तर तारा नसतोच. चीनचा बारा किरणांचा सूर्य असतो आणि तोही पंखांवर. धडाच्या बाजूला सूर्य छापलेला दिसला की मी पुढे जातो.

शार्कच्या तोंडांचंही असंच. ती खडूने आखून हाताने रंगवलेली होती, त्यामुळे एकाची जीभ दुसऱ्यासारखी नाही आणि एकाचा डोळा दुसऱ्याच्या जागी नाही. एकच तोंड वेगवेगळ्या आकड्यांच्या विमानांवर चिकटवणारा उत्पादक आळशी, एवढंच मी म्हणेन.

नॉर्मंडीच्या चढाईचे काळे-पांढरे पट्टे ६ जून १९४४ च्या आदल्या एक-दोन दिवसांत घाईघाईने रंगवले गेले, हाताला लागेल त्या ब्रशने. मॉडेलवर ते पट्टीने आखल्यासारखे येतात. तेवढं चालवून घ्या. पण पट्टे पूर्ण गोल फिरलेत की फक्त पोटाखाली आहेत, हे बघा. चढाईनंतर वरच्या बाजूचे पट्टे आधी पुसले गेले. त्यामुळे पूर्ण पट्टे म्हणजे जून-जुलैच्या आसपासचं विमान, नुसते पोटाखालचे म्हणजे त्यानंतरचं.

साचा तपासणं थोडं किचकट आहे, पण एक उदाहरण पुरे. सुरुवातीच्या पी-५१डी विमानांना शेपटीच्या उभ्या पात्यापुढे उतरता त्रिकोणी पडदा नव्हता. तो नंतर आला आणि जुन्या विमानांनाही मागाहून बसवला गेला. उत्पादकाकडे एकच साचा असतो, तोच तो सगळ्या मस्टँगना वापरतो. म्हणून एखादं मॉडेल चूक आहे की बरोबर, हे विमान कोणतं यावरच नाही तर कोणत्या महिन्यातलं यावरही ठरतं. पुन्हा फोटोकडे या.

बड अँडरसन यांचं 'ओल्ड क्रो' या सगळ्याचा धडा म्हणून घ्यावं. ३५७ व्या फायटर ग्रुपचं पी-५१डी, नाकावर लाल-पिवळी चौकडी, बाजूला बी६-एस (बी६ हे स्क्वाड्रनचं, एस त्या विमानाचं). ओल्ड क्रो हे व्हिस्कीचं नाव. न पिणाऱ्या मित्रांना मात्र अँडरसन सांगत की आकाशातल्या सगळ्यात हुशार पक्ष्यावरून ठेवलंय. हे विमान आधी हिरवं होतं, पुढे हिवाळ्यात त्याच्या क्रूने रंग खरवडून ते उघड्या धातूचं केलं. बाजारात हिरवंही मिळतं, चंदेरीही मिळतं आणि नवखा माणूस विचारतो, यातलं खरं कोणतं? दोन्ही. तुम्हाला पानगळीतलं हवंय की बर्फातलं, तेवढं ठरवा. त्याच स्क्वाड्रनमध्ये चक येगर यांचं बी६-वाय, 'ग्लॅमरस ग्लेन थ्री' होतं. नावापुढचा तीन आकडाही वाचायचा असतो: आधीची दोन होती आणि ती आता नाहीत. ही दोन्ही मस्टँग शेजारीशेजारी ठेवली की फळीवर एक स्क्वाड्रन उभी राहते.

हिरव्या रंगावरून आठवलं. ३६१ व्या फायटर ग्रुपच्या चार मस्टँगचा १९४४ च्या उन्हाळ्यातला हवेतला फोटो प्रसिद्ध आहे. पुढचं विमान 'लू फोर'. त्यांचा वरचा रंग निळा की हिरवा, यावर संग्राहकांत इतकी वर्षं भांडण चालू आहे. जुन्या फिल्म रंगाशी खेळतात. कृष्णधवल फोटोत तर काही फिल्मवर लाल रंग काळा पडतो आणि निळा फिका. अशा ठिकाणी पुरावा शोधत कपाळ बडवू नका. निळं आवडलं तर निळं घ्या आणि वादाची तयारी ठेवा.

आता छपाई. चित्र बहुधा टॅम्पो पद्धतीने उमटवतात: कोरलेल्या पाटीवरची शाई सिलिकॉनचा मऊ गोळा उचलतो आणि विमानावर दाबतो. एका दाबाला एक रंग. पाच रंगांचं चित्र म्हणजे पाच दाब, आणि एखादा केसभर जरी सरकला तरी चेहऱ्याभोवती पांढरी कड दिसते. विक्रेत्याच्या फोटोत हीच कड शोधा. उत्पादकाच्या जाहिरातीतला फोटो पाहून ठरवू नका. तो बरेचदा हाताने रंगवलेल्या नमुन्याचा असतो.

जर्मन विमानांच्या शेपटीवर काही उत्पादक स्वस्तिक छापत नाहीत. जर्मनीत त्या चिन्हाच्या प्रदर्शनावर कायद्याने बंधनं आहेत आणि माल तर सगळीकडे विकायचा असतो. कधी ते वेगळ्या डिकॅलवर, म्हणजे चिकटवायच्या छापील चित्रावर, दोन तुकड्यांत येतं. कोरी शेपटी दिसली म्हणून मॉडेल सदोष समजू नका.

पाचवी पायरी: विकत घेताना

नोज आर्टची मॉडेलं थोड्या संख्येत निघतात आणि एकदा संपली की तेच चित्र लवकर परत येत नाही. त्याच साच्यावर दुसऱ्या वैमानिकाचं विमान येतं. म्हणून हवं असलेलं जाहीर झालं की आधी नोंदवून टाकलेलं बरं. मात्र संख्या मर्यादित म्हणजे पुढे भाव चढेल, या हिशोबाने घेऊ नका. नवा, जास्त बारकाईचा साचा बाजारात आला की जुन्याचं मोल उतरतं.

जुन्या बाजारात घेताना विक्रेत्याकडे पाच फोटो मागा: डावी बाजू, उजवी बाजू, पोट, खोक्यातला प्लास्टिकचा साचा आणि सुट्या भागांची पिशवी. शेवटचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा. एकदा मी एक थंडरबोल्ट 'नव्यासारखं' म्हणून घेतलं. आलं तेव्हा विमान खरंच नव्यासारखं होतं, फक्त खाली केलेली चाकं नव्हती, बंद चाकांची झाकणंच तेवढी होती. स्टँडही नव्हता. उडवता येत नाही आणि उभं करता येत नाही, असं ते वर्षभर खोक्यात पडून राहिलं. विचारलं असतं तर विक्रेत्याने सांगितलंही असतं. मी विचारलंच नव्हतं.

तुटलेली अँटेना आणि वाकलेली बंदुकीची नळी यांच्यावर घासाघीस करता येते. ती घरी दुरुस्त होते. चित्रावरचा ओरखडा दुरुस्त होत नाही. त्याला हात लावू नका.

सहावी पायरी: खोका उघडल्यावर

टेबलावर जाड टॉवेल पसरा. वरचा प्लास्टिकचा साचा सरळ वर उचला, तिरका ओढलात की अँटेना त्याच्याबरोबर येते. विमान धरायचं ते पंख धडाला मिळतात तिथे, दोन बोटांनी खालून. नाक धरून उचलायचा मोह होतो, पण तिथेच चित्र आहे आणि चंदेरी रंगावर बोटाचा ठसा बसला की तो सहजी निघत नाही.

चाकं खाली ठेवायची की वर, हे एकदाच ठरवा. दोन्ही संच देतात ते बदलण्यासाठी, पण दर रविवारी बदललंत तर भोकं सैल होतात. भाग घट्ट बसत नसेल तर डिंक घेऊ नका. क्षणात चिकटणाऱ्या डिंकाच्या वाफेने कॅनपीवर पांढरी साय धरते आणि ती पुसून जात नाही. खुंटीला थोडी पांढरी वुड ग्लू लावा, ती नंतर निघते. आणि खोका फेकू नका, आतल्या साच्यासकट ठेवा. घर बदलताना त्याची किंमत कळते.

सातवी पायरी: कपाट

काचेचं दार हवंच. उघड्या फळीवरची धूळ पुसताना जितके पंखे तुटतात तितके दुसऱ्या कशानेच नाही. मेकअपचा मऊ ब्रश आणि कॅमेऱ्याची हवा मारायची रबरी फुगी एवढं साहित्य पुरतं. स्पिरिट किंवा काच पुसायचं द्रव टॅम्पोवर लावू नका.

थेट ऊन नको. माझ्या एका मस्टँगचं लाल नाक खिडकीकडच्या बाजूला गुलाबी झालं आणि आतल्या बाजूला लालच राहिलं. चौकडीवर ते फार केविलवाणं दिसतं. मऊ टायर प्लास्टिकच्या तळावर वर्षानुवर्षं टेकून राहिले तर तळ वितळल्यासारखा खड्डा पडतो, म्हणून चाकाखाली जाड कागदाचा तुकडा ठेवावा.

जुन्या ओतीव मॉडेलना एक रोग होतो, त्याला झिंक पेस्ट, म्हणजे जस्ताची कीड, म्हणतात. ओतताना जस्तात शिसं मिसळलेलं राहिलं तर धातू आतून कणाकणाने सुटत जातो: आधी रंगाखाली फोड, मग भेगा, मग पंख वाकडा. युद्धापूर्वीच्या खेळण्यांत तो जास्त, अलीकडच्या मालात क्वचित. उपाय नाही. दमट हवेत तो वेगाने वाढतो, एवढं लक्षात ठेवून कपाट कोरडं ठेवा. शेजारच्या विमानाला मात्र तो लागत नाही. घाबरून सगळी फळी रिकामी करू नका.

मांडणीत एक बारीकशी गोष्ट. चित्र डाव्या बाजूला असतं, म्हणजे ते दिसायला विमानाचं नाक पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला हवं. मी पहिली दोन वर्षं सगळी विमानं उजवीकडे तोंड करून लावली होती, दिसायला ऐटबाज आणि नाकं कोरी.

आठवी पायरी: नोंद

एक वही करा. प्रत्येक मॉडेलला एक पान: उत्पादनाचा क्रमांक, स्केल, घेतल्याची तारीख, वैमानिक, तुकडी, तळ, फोटो कुठे पाहिला आणि मॉडेलमधल्या सापडलेल्या चुका. विमानाचा मूळ अनुक्रमांकही लिहा. अमेरिकन विमानांत तो शेपटीवर असतो, पण वर्षाचा पहिला आकडा गाळून. ओल्ड क्रोचा क्रमांक ४४-१४४५०, शेपटीवर ४१४४५०. एकदा हे कळलं की शेपटीवरून विमानाचं रेकॉर्ड शोधता येतं.

माझ्या वहीत पी-३८ 'मार्ज'चं पान सगळ्यात लांब आहे. अमेरिकेचे सर्वाधिक, म्हणजे ४० विमानं पाडणारे वैमानिक रिचर्ड बाँग यांनी आपल्या मैत्रिणीचा, मार्जोरीचा, फोटो मोठा करून नाकावर चिकटवला होता. चित्र नाही, खराच फोटो. म्हणून १:७२ मध्ये हे मॉडेल घेताना तिचा चेहरा भिंगाखाली पाहूनच घ्यावं. मार्च १९४४ मध्ये ते विमान दुसरा वैमानिक उडवत असताना न्यू गिनीत पडलं. तो छत्रीने उतरून वाचला. बाँग स्वतः ६ ऑगस्ट १९४५ रोजी नव्या जेटची चाचणी घेताना गेले. विमानाचा क्रमांक ४२-१०३९९३. मे २०२४ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या जंगलात त्याचे अवशेष सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा ओळख पटवताना पंखाच्या टोकावरचे ९९३ हे तीन आकडे उपयोगी पडले. बातमी वाचून मी वही काढली, पान उघडलं आणि शेवटच्या तीन आकड्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढली.